सड्यावरची वाट आखताना

प्रश्न : आमचं गाव राजापूर तालुक्यात. वाडीतून पाखाडीने (दगडी पायऱ्यांच्या वाटेने) सड्यावर, म्हणजे वरच्या सपाट कातळावर, जायचं, कातळशिल्पं दाखवून परत आणायचं, अशी पाच किलोमीटरची वाट आखतोय. क्यूजीआयएस या नकाशाच्या सॉफ्टवेअरमध्ये उतार काढला तर जिथे तिथे ८९ अंश दिसतात. काय चुकलं? पावसाळ्यात वाट कुठून न्यावी?

उत्तर : तुमच्या उंचीच्या फाइलमध्ये आडवं अंतर अंशांत आहे आणि उंची मीटरमध्ये, म्हणून सगळा डोंगर उभा दिसतो. ‘रास्टर’ मेनूतल्या ‘वॉर्प’ने ती ईपीएसजी ३२६४३ मध्ये, म्हणजे मीटरमध्ये मोजणाऱ्या यूटीएम नकाशा-पद्धतीच्या ४३ उत्तर पट्ट्यात, बदला आणि उतार पुन्हा काढा. तरी सड्याच्या कडेला त्यावर विसंबू नका. फुकट मिळणाऱ्या फाइलचा एक चौकोन ३० मीटरचा असतो. त्यात १० मीटरचा उभा कडा फार तर १८ अंशांचा उतार होऊन बसतो. चढायला जुनी पाखाडीच ठेवा. नवी आडवाट काढली की पहिल्याच पावसात तिची घळ होते.

सड्यावर खरा प्रश्न पाण्याचा आहे. कातळातली डबकी हातभर रुंद, उपग्रहाच्या १० मीटरच्या चित्रात ती येतच नाहीत. पण बेडकांची अंडी तिथेच असतात आणि गेंद, सीतेची आसवं कडेच्या बोटभर मातीत फुलतात. म्हणून जुलै-ऑगस्टमध्ये दोनदा चालून प्रत्येक डबकं मोबाइलवर टिपा. मोबाइलची चूक उघड्यावरही ५ मीटरपर्यंत जाते, तेव्हा डबक्यापासून ५ मीटर लांब राहायचं तर नकाशावर बफर (भोवती मोकळा ठेवायचा पट्टा) १० मीटरचा घ्या. कातळशिल्पांनाही तोच. उन्हाळ्यात आखलेली वाट हमखास डबक्यांतून जाते, कारण तेव्हा तिथे नुसता काळा कातळ दिसतो.

सड्यावर पायवाट उमटत नाही, माणसं पांगतात. खुणेसाठी दगड रचू नका. त्यांच्याखाली विंचू, पाली राहतात, दगड उचलला की त्यांचा आसरा गेला. चुना पावसात धुऊन जातो. उघड्या कातळावर रुपयाएवढे रंगाचे ठिपके द्या, एकापासून पुढचा दिसेल इतक्या अंतरावर, शिल्पांपासून दूर. त्याआधी जमीनमालकांची संमती घ्या, सडा बहुतेक खाजगी असतो.

वेळ : ५ किलोमीटरला तास, वर १२० मीटर चढ असेल तर त्याला १२ मिनिटं. थांबत, बघत चालणाऱ्यांना याच्या दुप्पट धरा.