अतिविचार नव्हे, विचारभान (आणि थोडं 'कुशल'विषयी)

प्रश्न असा: 'डिजिटल कौशल्ये आणि लहान मुलांमधील अतिविचार' असं शीर्षक वाचनात आलं. त्यात मेटाकॉग्निशनला, म्हणजे स्वतःच्या विचार करण्याच्या जाणिवेला, 'अतिविचार' म्हटलंय. तसं म्हणावं का?

मुळीच नाही. अतिविचार म्हणजे नको तितका विचार, झोप उडवणारा. आपण विचार कसा करतोय, कुठे अडलोय, हे मुलाला कळणं ही पूर्ण निराळी गोष्ट. जॉन फ्लॅवेल या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९७०च्या दशकात मेटाकॉग्निशन हा शब्द रूढ केला. त्यातला 'मेटा' म्हणजे 'त्याविषयीचं'. दिसला मेटा की लाव अति, ही खोड आता पुरे. त्यासाठी 'अधिबोध' हा शब्द चुकीचा नाही, पण मुलांशी बोलताना तो जिभेवर येत नाही. मी 'विचारभान' म्हणतो. देहभान, समाजभान आपल्याकडे आहेतच. भान सुटतं, हरपतं, माणूस भानावर येतो. एवढी क्रियापदं तयार असताना नवा शब्द घडवायचा कशाला?

पण या शीर्षकातला खरा ऐवज 'कौशल्य' हा आहे. कौशल्य कुशलपासून आलं, आणि कुशलची परंपरागत व्युत्पत्ती 'कुशान् लाति', म्हणजे कुश (दर्भ, एक गवत) आणणारा. कुशाचं पातं धारदार, टोक अणकुचीदार (कुशाग्र बुद्धी तिथलीच). ते उपटायचं तर हात कामात आणि लक्ष हातावर, दोन्ही एकाच वेळी. लक्ष उडालं की बोट कापलं. आता 'डिजिटल' पाहा. लॅटिनमध्ये 'डिजिटस' म्हणजे बोट. बोटांवर मोजतात म्हणून अंकाला डिजिट, आणि तिथून डिजिटल. म्हणजे दोन्ही शब्दांच्या मुळाशी बोटच! माझं ठाम मत आहे की कुशल या शब्दात विचारभान आधीपासून भरलेलं आहे.

व्युत्पत्तीवरून असा अर्थ काढण्यावर आक्षेप म्हणून विश्वनाथाचा हवाला दिला जातो, म्हणून तेही सांगतो. अकराव्या शतकातल्या मम्मटाने 'काव्यप्रकाश' या काव्यशास्त्राच्या ग्रंथात 'कर्मणि कुशलः' (कामात कुशल) हे रूढ लक्षणेचं, म्हणजे मूळ अर्थ सोडून रूढीने दुसरा अर्थ घेण्याचं, उदाहरण दिलं: मूळ अर्थ कुश आणणारा, लक्षणेने निपुण. चौदाव्या शतकात 'साहित्यदर्पण'कार विश्वनाथाने ते खोडलं. शब्द कशापासून बनला हे एक आणि तो कशासाठी वापरतात हे दुसरं. नाहीतर 'गौः शेते' (गाय झोपली आहे) इथेही लक्षणा मानावी लागेल, कारण गो म्हणजे जाणारी, आणि ती तर झोपली आहे. युक्तिवाद बिनतोड आहे. पण त्याने वर्गीकरण जिंकलं आणि चित्र घालवलं. मी मम्मटाच्या बाजूने.

चित्र का हवं, ते मुलांकडे पाहून कळतं. एक मूल अख्खा प्रश्न शोधपट्टीत टाकतं, पहिला दुवा उघडतं, उतारा चिकटवतं, "झालं!" बोटं विजेसारखी. दुसरं टाइप करतं, थबकतं, "हे तर भलतंच आलं", म्हणून एक शब्द खोडून दुसरा घालतं, दोन ठिकाणचं ताडून बघतं, मग म्हणतं, "हे मला अजून नीट कळलं नाही." पहिल्याला लोक सर्रास कुशल म्हणतात आणि मला ते दर वेळी खटकतं. तो सराईत आहे. सरावाने हात बसतो, पण आपल्याला किती कळलं याचा अंदाज त्याने आपोआप सुधारत नाही. पडद्यावर वाचणाऱ्यांचा हा अंदाज कागदावर वाचणाऱ्यांपेक्षा फुगलेला निघाल्याचं काही प्रयोगांत दिसलंही आहे. थबकणारं मूल कुशल, कारण त्याचं लक्ष स्वतःच्या हातावर आहे.

तर शीर्षक हवं 'डिजिटल कौशल्ये आणि लहान मुलांचं विचारभान'. आणि कृपा करून कोणी 'कौशल्यता' लिहू नका. कौशल्य हे आधीच भाववाचक नाम आहे. 'ता' लावायचाच तर कुशलला लावा.