हट्टी मुलीच्या अक्षरातलं पत्र

प्रश्न : माझी मुलगी मानसशास्त्र घेऊन बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे. तिला एम.एस.डब्ल्यू., म्हणजे समाजकार्याची पदव्युत्तर पदवी करायची आहे. घरचं खाऊन लष्कराच्या भाकऱ्या भाजण्यात काय अर्थ? स्पर्धा परीक्षा दे नाहीतर बी.एड. कर, असं आम्ही सांगतो, पण मुलगी हट्टी आहे. उद्या स्थळं आली की मुलगी काय करते म्हणून सांगायचं? तुम्ही तिची समजूत काढा. माझं मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यामुळे पत्र तिच्याकडूनच लिहून घेतलं आहे.
– एक पालक, सिडको, नाशिक

उत्तर : तुमची शेवटची ओळ वाचली आणि पत्र पुन्हा पहिल्यापासून वाचलं. ‘मुलगी हट्टी आहे’ हे वाक्य तुम्ही सांगितलंत आणि तिने ते निमूटपणे लिहून घेतलं. कुठे खाडाखोड नाही, कडेला स्वतःची बाजू मांडलेली नाही. तिला हा अभ्यासक्रम का हवा आहे, हे मात्र पत्रात कुठेच नाही. ते तुम्ही तिला एकदा तरी विचारलंत का?

तिची समजूत मी काढणार नाही. स्थळाला सांगायला सोपं म्हणून शिक्षण निवडायचं नसतं. आणि मन नसताना बी.एड. करायला लावलंत, तर त्याची शिक्षा तिच्याबरोबर वर्गातल्या मुलांनाही होते.

लष्कराच्या भाकऱ्यांचं मात्र सविस्तर बोलायला हवं, कारण हा गैरसमज बहुतेक घरांत असतो. समाजसेवा कुणीही मनापासून करू शकतो. समाजकार्य शिकावं लागतं. दोन वर्षांत व्यक्तिसहाय्य कार्य, गटकार्य, समुदाय संघटन शिकवतात आणि वर्गाइतकंच क्षेत्रकार्यही, म्हणजे प्रत्यक्ष लोकांमध्ये जाऊन करायचं कामही असतं. आपल्याच जिल्ह्यातलं उदाहरण घ्या. सुरगाण्याच्या एखाद्या रुग्णाचे क्षयरोगाचे उपचार सहा महिन्यांचे असतात आणि दोन महिन्यांनी तो यायचा बंद होतो. डॉक्टर गोळ्या देऊ शकतात. पण तो द्राक्षाच्या हंगामात दिंडोरी-निफाडला मजुरीला गेलाय, तिथे त्याला गाठून गोळ्या चालू कशा ठेवायच्या, हे कुणीतरी शोधावं लागतं. त्यासाठी समोरच्याचं बोलणं आपलं मत न घुसडता ऐकून जसंच्या तसं टिपता यावं लागतं. क्षेत्रकार्याच्या नोंदी लिहिताना मुलांना सगळ्यात जड जातं ते हेच. तुमच्या मुलीने ते स्वतःविरुद्धच्या तक्रारीतही केलंय.

आता पैशाचं. सुरुवातीचा पगार बेताचा असतो, हे तिलाही स्पष्ट सांगा. सरकारी प्रकल्पांतल्या बऱ्याच जागा कंत्राटी असतात, करार संपला की पुन्हा धावपळ. पण वाटा बऱ्याच आहेत. सरकारी रुग्णालयांत समाजसेवा अधीक्षकाचं पद असतं. बालसंरक्षण, कौटुंबिक समुपदेशन, आदिवासी भागातल्या संस्था आहेत. आदिवासी विकास आयुक्तालयच नाशिकला आहे. शिवाय २०१३च्या कंपनी कायद्यानुसार ठरावीक मर्यादेपेक्षा मोठ्या कंपन्यांना सरासरी नफ्याचे २ टक्के सामाजिक कामावर खर्च करावे लागतात. ते काम उभं करायला माणसं लागतात आणि तिथे पगार तुलनेने बरे असतात.

प्रवेशासाठी बी.एस.डब्ल्यू., म्हणजे समाजकार्याचीच पदवी हवी असं नाही, कोणतीही पदवी चालते. मुंबईच्या ‘टिस’साठी (टाटा समाजविज्ञान संस्थेसाठी) सीयूईटी-पीजी ही देशपातळीवरची प्रवेश परीक्षा द्यावी लागते, नाशिक-पुण्याच्या महाविद्यालयांची प्रक्रिया त्यांच्या कार्यालयात जाऊन विचारा.

माझी काळजी तिच्या बाबतीत एकच आहे. मानसशास्त्राच्या अनेक मुलींना खोलीत बसून समुपदेशन करायचं असतं आणि एम.एस.डब्ल्यू.त वस्तीत, एसटीच्या फाट्यावर, पोलीस ठाण्यात उभं राहावं लागतं. तिला फक्त समुपदेशक व्हायचं असेल, तर मानसशास्त्रातच एम.ए. करणं योग्य. म्हणून प्रवेशाआधी तिने महिना-दोन महिने एखाद्या संस्थेबरोबर पेठ किंवा त्र्यंबकेश्वरच्या पाड्यांवर जाऊन यावं. तुम्ही तिला अडवू नका. आल्यावर तिने मला लिहावं : तिथे काय पाहिलं, आणि कशाने परत यावंसं वाटलं. त्या पत्राचा मजकूर मात्र तुम्ही सांगू नका.