घोणीच्या बाटलीवरचं लाल लेबल

प्रश्न (फोंडा): ताई नमस्कार, माझी मुलगी झूलॉजीत एमएस्सी करते, सध्या एका म्युझियममध्ये घोणींच्या (म्हणजे मोठ्या गोमांच्या) जुन्या बाटल्यांचा कॅटलॉग करायला लागलीय. एका लेबलवर 'नोव्हा गोवा' होतं, तिने कॉम्प्युटरवर सरळ 'पणजी' टाकलं तर सरांनी झापलं. चुकलं काय तिचं? आणि मेलेल्या घोणीला 'टाइप' म्हणून एवढं सोवळ्यात का ठेवतात?

उत्तर: अहो वहिनी, नोव्हा गोवा म्हणजे पणजीच, १८४३ला राजधानी झाली तेव्हाचं नाव ते, पण लेबल सुधारायचं नसतं. जसं लिहिलंय तसं, स्पेलिंगच्या चुकीसकट, एका रकान्यात उतरवायचं आणि आपला अर्थ शेजारच्या रकान्यात. कारण लिहिणाऱ्याने पणजी शहर म्हटलंय की सगळा गोवाच, की घोण सत्तरी तालुक्याच्या रानातली आणि नाव फक्त बोटीत चढवली त्या बंदराचं, हे आज कोण सांगणार!

आता टाइप. नवीन जातीला नाव देताना शास्त्रज्ञ ज्या नमुन्याला ते नाव बांधतो तो टाइप, आणि पुढे शंभर वर्षांनी दोघे भांडले की ही तीच जात की दुसरी, तर शेवटी तीच बाटली उघडतात. म्हणून बऱ्याच ठिकाणी तिला लाल लेबल. आपली ती केशरी-काळ्या पट्ट्यांची स्कोलोपेंड्रा हार्डविकी, नाव दिलं न्यूपोर्टने १८४४मध्ये, स्पिरिटमध्ये वर्षानुवर्षं राहिली की रंग उडून तपकिरी होते मग ओळखायची कशावरून? तर मिशांचे बिनकेसाचे पेर किती, विषारी नख्यांपाशी दात किती, शेवटच्या पायांवर काटे किती, हे मायक्रोस्कोपखाली मोजून. आणि नेमके तेच शेवटचे पाय तुटतात! तुटलेला पाय छोट्या नळीत, आत वेगळं लेबल, आणि नळी परत त्याच बाटलीत, ते चुकून शेजारच्या बाटलीत गेलं की संपलंच.

जुन्या लोकांनी बऱ्याचदा चार-पाच नमुने ठेवले आणि मुख्य कुठला ते सांगितलंच नाही, ते सगळे सिनटाइप. त्यातला एक कॅटलॉग करणाऱ्याने रजिस्टरमध्ये मनानेच मुख्य ठरवायचा नाही, त्यासाठी रीतसर छापावं लागतं. १९९९नंतरच्या नवीन जातींना मात्र टाइप कुठला ते सांगावंच लागतं. लिस्बनचं बोकाज म्युझियम १८ मार्च १९७८ला जळालं, प्राण्यांचा जवळजवळ सगळा संग्रह गेला, अशा वेळी आधी छापलेलं असेल तेवढंच हातात राहतं. बदली टाइप नेमता येतो, पण टाइप हरवला एवढ्यावर नाही, नावाचा खरंच घोळ असेल तरच. त्यामुळे सर झापतात ते बरोबरच आहे, जरा हळू झापावं एवढंच.

प्रश्न (वाळपई): न्हाणीत वीतभर घोण सापडली, म्युझियमला देऊ का? शंभर पाय असतात ना?

उत्तर: मोठ्या घोणीत पायांच्या जोड्या कायम विषम असतात, स्कोलोपेंड्राला बहुतेक २१, म्हणजे नेमके शंभर कुणालाच नाहीत, शतपाद हे नुसतं नाव. द्यायची तर आधी विचारून घ्या, आणि गाव, जागा, तारीख, कुणी पकडली हे कागदावर पेन्सिलीने लिहून कागद बाटलीच्या आतच टाका, बॉलपेनची शाई स्पिरिटमध्ये विरघळते. हाताने धरू नका. आणि अभयारण्यातली असेल तर वनखात्याच्या परवानगीशिवाय उचलूच नका.