कारखान्याच्या छपरावर पवनचक्की बसवावी का? साताऱ्यातील एका लघुउद्योजकाच्या प्रश्नाला उत्तर

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: साताऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत तुमचे सीएनसी (संगणक-नियंत्रित) यंत्रांचे वर्कशॉप आहे, पत्र्याची शेड साधारण नऊ मीटर उंच आहे, महिन्याचे वीजबिल सव्वा लाखाच्या घरात जाते, आणि एका विक्रेत्याने शेडवर प्रत्येकी ५ किलोवॅटच्या, उभ्या अक्षाच्या (पाती उभ्या दांड्याभोवती फिरणाऱ्या) दोन पवनचक्क्या ९ लाख रुपयांत बसवून देण्याचे कोटेशन दिले आहे. वर चाळकेवाडीच्या पठारावर इतक्या चक्क्या फिरतात, मग खाली आमच्या छपरावर का फिरणार नाहीत, असे तुम्ही विचारले आहे. शिवाय ठोसेघर रस्त्यावरच्या तुमच्या शेतजमिनीत चक्की उभारून ती वीज कारखान्यात वापरता येईल का, हेही तुम्हाला जाणून घ्यायचे आहे. सातारा, सांगली आणि कोल्हापूर भागातील लहान-मध्यम उद्योगांच्या ऊर्जा लेखापरीक्षणाचे काम मी करतो. माझे मत सुरुवातीलाच सांगतो: हे कोटेशन परत करावे. कारणे मात्र सविस्तर सांगायला हवीत, कारण हाच विक्रेता किंवा दुसरा कोणी उद्या वेगळा आकडा घेऊन तुमच्याकडे येईल.

प्रथम कोटेशनवरील मापे पाहू. तुम्ही दिलेल्या माहितीनुसार एका चक्कीच्या पात्यांचा घेर दोन मीटर व्यासाचा असून पात्यांची उंची तीन मीटर आहे. म्हणजे वाऱ्याला सामोरे जाणारे क्षेत्रफळ सहा चौरस मीटर झाले. '५ किलोवॅट' ही क्षमता सेकंदाला १२ मीटर वेगाच्या वाऱ्यासाठी नोंदवलेली आहे. साताऱ्याच्या उंचीवर हवेची घनता घनमीटरला सुमारे १.१ किलो धरली, तर त्या वेगाच्या वाऱ्यात सहा चौरस मीटरमधून वाहणारी एकूण शक्ती ५.७ किलोवॅट भरते. ही सगळी शक्ती कोणतेही यंत्र काढून घेऊ शकत नाही, कारण पात्यांना सर्व ऊर्जा देऊन टाकलेली हवा तिथेच थांबेल आणि मागच्या हवेला वाट मिळणार नाही. जर्मन शास्त्रज्ञ आल्बर्ट बेट्झ यांनी पहिल्या महायुद्धानंतर मांडलेली मर्यादा ५९.३ टक्क्यांची आहे. म्हणजे निर्दोष, आदर्श यंत्रानेसुद्धा या मापात ३.४ किलोवॅटच्या वर जाणे शक्य नाही, आणि या धाटणीच्या खऱ्याखुऱ्या यंत्राकडून दीड किलोवॅट मिळाले तरी समाधान मानावे. तेव्हा कोटेशनवरचे ५ किलोवॅट हे फार तर आत बसवलेल्या जनरेटरचे माप असेल. वाऱ्यातून मिळणाऱ्या विजेशी त्याचा संबंध नाही. ज्या कागदावर मूळ क्षमताच भौतिकशास्त्राला धरून नाही, त्यावरील वार्षिक बचतीचा आकडा तपासण्याचीही गरज उरत नाही.

तरीही हिशेब पूर्ण करू. वाऱ्यातील शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात बदलते, म्हणून वेग निम्मा झाला की शक्ती एक-अष्टमांशावर येते. औद्योगिक वसाहतीत, शेडच्या उंचीवर, वर्षाची सरासरी सेकंदाला ४ मीटर धरणे हे उदारपणाचे आहे. पण तेवढी धरली, वाऱ्याच्या नेहमीच्या चढउतारांचाही लाभ मोजला आणि यंत्राची एकंदर कार्यक्षमता २० टक्के मानली, तर एका चक्कीतून वर्षाला सुमारे ७०० युनिट मिळतील. दोन चक्क्यांची मिळून १४०० युनिट, म्हणजे दहा रुपये दराने १४ हजार रुपये. ९ लाख रुपये फिटायला साठाहून अधिक वर्षे लागतील, आणि यात व्याज, बेअरिंग, इन्व्हर्टरची दुरुस्ती असे काहीच धरलेले नाही. तुमच्या बिलावरून वापर वर्षाला दीड लाख युनिटच्या आसपास दिसतो. त्यातील एक टक्कासुद्धा या चक्क्या भागवणार नाहीत. त्याच रकमेत, किलोवॅटला ४५ ते ५० हजार रुपये धरून, अठरा किलोवॅटच्या आसपास सौर पॅनेल बसतात आणि आपल्याकडे ती वर्षाला २५ हजार युनिटपर्यंत वीज देतात. त्यासाठी अठराशे-दोन हजार चौरस फुटांचे मोकळे, सावली नसलेले छप्पर लागते. तुमच्या शेडवर ते असावे.

आता पठाराविषयी. चाळकेवाडी, वनकुसवडे हा कोयना जलाशयाच्या बाजूचा पट्टा समुद्रसपाटीपासून हजार-अकराशे मीटर उंच आहे. कोकणातून येणारा पश्चिमेचा वारा सह्याद्रीचा कडा चढताना दाबला जातो आणि माथ्यावर आल्यावर वेग घेतो. माथा सपाट आणि उघडा आहे, झाडी विरळ आहे, आणि त्यातही चक्क्यांचे मनोरे पन्नास मीटरच्या आसपास किंवा त्याहून उंच आहेत. सातारा शहर आणि त्याची औद्योगिक वसाहत त्या माथ्यापेक्षा तीन-चारशे मीटर खाली, डोंगरांच्या आडोशाला आहे. आषाढात पठारावर उभे राहणे मुश्कील होते, त्या दिवशी शहरात छत्री उलटतेच असे नाही, हा तुमचाही अनुभव असेल. जाता जाता एक गोष्ट नोंदवतो: पठारावरच्या कित्येक चक्क्यांमागे वाऱ्याइतकाच आयकराचाही जोर होता. पवनचक्कीवर पहिल्याच वर्षी ८० टक्के घसारा मिळत असे, म्हणजे किमतीचा तेवढा भाग करपात्र नफ्यातून वजा करता येई, त्यामुळे विजेशी काडीचाही संबंध नसलेल्या व्यवसायांनी तिथे पैसे गुंतवले. ही सवलत २०१२ मध्ये काढली गेली, २०१४ मध्ये परत आली आणि २०१७ पासून ४० टक्क्यांवर उतरली. तेव्हा पठारावर चक्क्या दिसतात एवढ्यावरून त्यांच्या मालकांचे गणित तुमच्यासारखेच असेल असे समजू नये.

छपरावरच्या वाऱ्याची दुसरी अडचण वेगापेक्षाही मोठी आहे, आणि ती विक्रेते सहसा बोलत नाहीत. इमारतीला धडकलेला वारा वर उसळतो, मागे भोवरे करतो आणि दर काही सेकंदांनी दिशा बदलतो. अडथळ्याच्या उंचीच्या सुमारे दुप्पट उंचीपर्यंत आणि वाऱ्याच्या पलीकडच्या बाजूला वीसपट अंतरापर्यंत हा गोंधळ राहतो, असा ठोकताळा आहे. नऊ मीटरच्या शेडवर तीन मीटरची चक्की बसवली, तर ती या गोंधळाच्या ऐन मध्यावर येते. तपासण्याचा एक बिनखर्चाचा उपाय आहे. लांब बांबूला दर मीटरवर कापडाची एकेक पट्टी बांधा आणि जोराच्या वाऱ्यात तो छपरावर धरून ठेवा. वरच्या पट्ट्या एका दिशेला ताणलेल्या आणि खालच्या पट्ट्या बांबूभोवती गुंडाळणाऱ्या, कधी उलट दिशेला झेपावणाऱ्या दिसतात. जिथे पट्ट्या शांतपणे एका रेषेत येतात ती उंची तुमच्या उपयोगाची, आणि शेडवर ती बहुधा बांबूच्याही वर असते. उभ्या अक्षाच्या चक्कीला दिशेचे बंधन नाही, म्हणून ती अशा वाऱ्यात चालते, असा युक्तिवाद केला जातो. दिशेचे बंधन नाही हे खरे आहे, पण भोवऱ्यातल्या वाऱ्यात काढण्याजोगी ऊर्जाच कमी असते आणि पात्यांवर, बेअरिंगवर सतत बदलता ताण येतो, हे त्या युक्तिवादात येत नाही. ब्रिटनमध्ये २००७ ते २००९ या काळात झालेल्या वॉरिक चाचण्यांत इमारतींवर बसवलेल्या लहान चक्क्यांचे प्रत्यक्ष उत्पादन त्यांच्या नोंदवलेल्या क्षमतेच्या सरासरी एक टक्क्याहूनही कमी भरले होते, आणि तो देश आपल्यापेक्षा कितीतरी जास्त वाऱ्याचा आहे.

पत्र्याच्या शेडचा विचारही करायला हवा. जवळच्या पुण्यासाठी इमारतींच्या आराखड्यात वाऱ्याचा मूलभूत वेग सेकंदाला ३९ मीटर धरतात. त्या वेगाला सहा चौरस मीटरच्या चक्कीवर साडेपाचशे किलोंच्या आसपास आडवा दाब येऊ शकतो, आणि तो ट्रसच्या (छप्पर तोलणाऱ्या लोखंडी सांगाड्याच्या) माथ्यावर, तरफेसारखा येतो. शेड उभारताना हा भार कोणी मोजलेला नसतो. शिवाय चक्कीची कंपने ट्रसमधून खाली उतरतात. मायक्रॉनमध्ये काम करणाऱ्या यंत्रांच्या डोक्यावर असे काही लावण्याची कल्पनाच मला पटत नाही.

विक्रेत्याने वीज गेल्यावरही चक्की चालू राहील असे सांगितल्याचे तुम्ही लिहिले आहे. ग्रिडला जोडलेला इन्व्हर्टर पुरवठा बंद होताच सुरक्षेसाठी आपोआप थांबतो, म्हणजे लाइनवर काम करणाऱ्या वायरमनला धक्का बसत नाही. सौर पॅनेलच्या बाबतीत तेवढ्याने काम भागते. चक्कीचे तसे नाही: भार अचानक सुटला की पाती बेफाम वेग घेतात, म्हणून ती ऊर्जा जाळून टाकणारे रोधक आणि भरवशाचा ब्रेक लागतो. आपल्याकडे लाइन केव्हा जाते? वळवाच्या वादळात, आषाढाच्या झडीत, म्हणजे वारा सर्वांत जोरात असतो तेव्हाच. त्यामुळे जी वीज मिळण्याची खरी आशा असते तीच नेमकी वाया जाते, आणि यंत्राची कसोटीही त्याच क्षणी लागते. तुमच्या कोटेशनमध्ये या रोधकाचा किंवा यांत्रिक ब्रेकचा उल्लेख नाही. बॅटरी जोडून हे टाळता येते, पण मग खर्चाचे गणित आणखी बिघडते.

मग लहान पवनचक्की कुठेच योग्य नाही का? आहे, पण त्या जागा वेगळ्या आहेत. पावसाळ्यात सौर उत्पादन घटते आणि सह्याद्रीच्या माथ्यावर व किनाऱ्यावर वारा त्याच महिन्यांत जोर धरतो, ही जोडी खरीच चांगली आहे. देवगडच्या सड्यावर, म्हणजे खडकाळ पठारावर, १९८० च्या दशकातच प्रात्यक्षिक म्हणून पवनचक्क्या उभ्या राहिल्या, त्या तिथल्या वाऱ्यामुळेच. किनाऱ्यावरच्या उघड्या सड्यावरचे बर्फाचे कारखाने किंवा घाटमाथ्यावरची, लाइनच्या टोकाची निवासस्थाने, जिथे तासन् तास डिझेल जनरेटर चालतो, अशा ठिकाणी मी चक्कीचा विचार करायला सांगतो. एक लिटर डिझेलमधून जेमतेम तीन-साडेतीन युनिट वीज मिळते, म्हणजे युनिटमागे नुसते इंधनच पंचवीस रुपयांच्या पुढे जाते. त्या दराशी तुलना केली तर चांगल्या वाऱ्यातील चक्की टिकाव धरते. पण तिथेही ती आडव्या अक्षाची, तीन पात्यांची, जमिनीवर स्वतंत्र पायावर उभ्या केलेल्या मनोऱ्यावर हवी, आणि दीडशे मीटरच्या परिसरातील कोणत्याही झाडा-इमारतीपेक्षा पात्यांचे खालचे टोक किमान दहा मीटर वर हवे. किनाऱ्यावर खारी हवा बोल्टांपासून जोडण्यांपर्यंत सगळे खाते, याचीही तरतूद ठेवावी लागते.

अशा जागेसाठीही क्रम ठरलेला असावा. आधी ग्लोबल विंड ॲटलस या मोफत नकाशावर तुमच्या बिंदूचा वेग पाहावा, आणि तो दहा मीटर उंचीचा पाहावा. शंभर मीटरवरचा आकडा लहान चक्कीसाठी निरुपयोगी आहे, जरी माहितीपत्रकात बहुधा तोच छापलेला असतो. नकाशात सरासरी सेकंदाला ५ मीटरच्या खाली असेल तर विषय तिथेच सोडावा. वर असेल तर चक्कीच्याच उंचीच्या मनोऱ्यावर वेगमापक लावून वर्षभर नोंदी घ्याव्यात. नुसत्या जून-जुलैच्या नोंदी विक्रेत्याच्या सोयीच्या असतात. त्यानंतर चेन्नईच्या राष्ट्रीय पवन ऊर्जा संस्थेच्या यादीत ते मॉडेल आहे का ते पाहावे, त्रयस्थ चाचणीचा शक्ती-आलेख (वाऱ्याच्या कोणत्या वेगाला किती वीज मिळते ते दाखवणारा) मागावा, आणि करारात किलोवॅटऐवजी वर्षाला किती युनिट मिळतील याची हमी लिहून घ्यावी. या शेवटच्या मागणीनंतर बरेच विक्रेते फोन उचलायचे बंद होतात, असा माझा अनुभव आहे.

ठोसेघर रस्त्यावरच्या जमिनीबद्दल. तिथला वारा तुमच्या शेडपेक्षा नक्कीच चांगला असेल, पण तिथे तयार झालेली वीज कारखान्यात आणायची म्हणजे महावितरणच्या तारांतून ती वाहून आणावी लागते. तो खुल्या प्रवेशाचा (ओपन ॲक्सेसचा) मामला होतो: स्वतंत्र अर्ज, वहन आकार, विशेष मीटर, आणि दर महिन्याचा हिशेब. केंद्राच्या २०२२ च्या नियमांनी हरित ऊर्जेच्या खुल्या प्रवेशासाठी लागणाऱ्या किमान भाराची मर्यादा १०० किलोवॅटपर्यंत खाली आणली आणि स्वतःच्या वापरासाठीच्या प्रकल्पांना भाराची अट ठेवली नाही, हे खरे. तरी दहा-वीस किलोवॅटच्या चक्कीसाठी ही सगळी यंत्रणा उभी करणे परवडत नाही. तो पट्टा कास पठाराच्या जवळचा आहे आणि कास २०१२ पासून पश्चिम घाटाच्या जागतिक वारशात आहे, त्यामुळे बांधकामाच्या परवानग्यांचा प्रश्नही आधी तपासावा लागेल. वाऱ्याचीच वीज घ्यायची असेल, तर एखाद्या मोठ्या पवन प्रकल्पात इतर उद्योगांबरोबर गट करून भाग घेण्याचा मार्ग आहे. त्यात वापरकर्त्यांनी मिळून किमान २६ टक्के भांडवल धारण करावे लागते आणि निदान ५१ टक्के वीज स्वतः वापरावी लागते. तुमच्या एकट्याच्या वापरासाठी कोणी विकासक दारात येणार नाही, पण वसाहतीतील पाच-सहा फौंड्री आणि मशीन शॉप एकत्र आली, तर बोलणी सुरू होऊ शकतात. तोपर्यंत छपरावर सौर पॅनेल घ्या आणि त्यासाठी महावितरणकडचा मंजूर भार व ट्रसची ताकद तपासून घ्या.