१८४० च्या सुमारास ओहायोत जन्मलेल्या पूर्वजाचे आईवडील कसे शोधायचे?
जन्मदाखल्यामागे लागू नका. ओहायोत काउंटीची (म्हणजे तिथल्या जिल्ह्याची) जन्म-मृत्यू नोंद १८६७ पासूनची. मृत्यूपासून मागे या. १९०० च्या जनगणनेत जन्माचा महिना-वर्ष मिळतं, १८८० मध्ये कुटुंबप्रमुखाशी नातं आणि आईवडिलांचं जन्मस्थान. १८९० ची पानं १९२१ च्या आगीपायी जवळजवळ सगळी गेली. १८८० ते १९०० मधली ती वीस वर्षं मृत्युपत्रं आणि जमिनीच्या दस्तांवरून भरून काढा. १८५० च्या जनगणनेत घरातल्या प्रत्येक स्वतंत्र, म्हणजे गुलाम नसलेल्या, माणसाचं नाव आहे, पण नातं नाही. त्याच घरातलं दहा वर्षांचं पोर पुतण्याही असू शकतं, आणि बहुतेक वंशावळी इथेच घसरतात. आडनावही सैल धरा, श्मिटचा स्मिथ सहज होतो. पूर्वज अमेरिकेच्या यादवी युद्धात (१८६१-६५) लढला असेल तर वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय अभिलेखागारातून विधवेची पेन्शन फाइल मागवा. लग्नाचा पुरावा बहुधा तिच्यातच सापडतो.