कॅशने माल घेतला म्हणजे जीएसटी वाचला असं नाही

अरे, धायरीत इलेक्ट्रिकचं दुकान टाकतोयस ना, मग आधी एक डोक्यातून काढ की होलसेलला टॅक्स नसतो. असतोच. तपकीर गल्लीत वायर-स्विच घ्यायला गेलास की कोणीतरी विचारणारच, "बिल पाहिजे की कच्चं?" कच्च्याचा रेट ऐकून सुरुवातीला मीपण पाघळलो होतो, नंतर कळलं की नुकसान आपलंच.

हिशोब बघ, ५०,००० चा माल, त्यावर १८ टक्के म्हणजे ९,००० जीएसटी. तोच माल तू ६०,००० ला विकलास की गिऱ्हाईकाकडून १०,८०० घेणार, त्यातले ९,००० वजा करून सरकारला भरायचे फक्त १,८००, पण हे कधी, तर बिलावर तुझा जीएसटी नंबर असेल आणि माल देणाऱ्या व्यापाऱ्याने त्याच्या रिटर्नमध्ये ते बिल दाखवलं असेल तरच (दर महिन्याला जीएसटी पोर्टलवर २बी, म्हणजे व्यापाऱ्यांनी तुझ्या नावावर दाखवलेल्या बिलांची यादी, उघडून बघत जा, विसरतात लोक, काही मुद्दाम विसरतात). नंबरच घेतला नाहीस तर ते ९,००० तुझ्या खर्चातच. नुसता माल विकणाऱ्याला वर्षाला ४० लाखांपर्यंत नंबर सक्तीचा नाही, पण बाहेरच्या राज्यात माल पाठवायचा तर वेगळं. कंपोझिशनमध्ये, म्हणजे छोट्या व्यापाऱ्यांसाठीच्या जीएसटीच्या सोप्या योजनेत, विक्रीच्या १ टक्काच भरायचा पण ही वजावट मिळत नाही, गिऱ्हाईकाकडून टॅक्सही घेता येत नाही.

कॅश द्यायला बंदी नाही रे, पक्कं बिल घेऊन दे. फक्त एकाच व्यापाऱ्याला एका दिवसात १०,००० च्या वर रोख दिलीस तर इन्कम टॅक्समध्ये तो खर्च धरत नाहीत, त्यामुळे मोठी रक्कम सरळ यूपीआय किंवा चेकने.