स्टॅक फ्रेमला चौकट म्हणायचं की कप्पा?

प्रश्न असा होता की डिबगरमधे (प्रोग्रॅममधली चूक शोधायचं साधन) कॉल स्टॅकची, म्हणजे बोलावलेल्या पण अजून न संपलेल्या फंक्शनची (प्रोग्रॅममधले कामाचे तुकडे), जी यादी दिसते त्यातल्या एकेका फ्रेमला मराठीत चौकट म्हटलं तर चालेल का, मुलांना शिकवायचंय.

मला चौकट नाही पटत. चौकट म्हटलं की दाराची नाहीतर फोटोची, म्हणजे कडेनं लाकूड आणि मधे मोकळं, आणि इथे तर सगळा ऐवज आतच असतो. फंक्शन कॉल झालं की त्याच्यापुरती जागा राखली जाते, त्यात त्याला दिलेल्या व्हॅल्यू, त्याचे स्वतःचे व्हेरिएबल, आणि काम संपल्यावर परत कुठे जायचं तो पत्ता. म्हणून मी कप्पा म्हणतो, जेवणाच्या डब्याचा असतो तसा, एकातली भाजी दुसऱ्यात जात नाही. रिकर्शन (फंक्शनने स्वतःलाच बोलावणं) शिकवताना बघा, फॅक्टोरियलच्या फंक्शनला ३ दिले, त्याने स्वतःलाच २ देऊन बोलावलं, मग १ देऊन, की झाले तीन कप्पे, तिन्हीत 'एन' नावाचं व्हेरिएबल पण एकात ३, एकात २, एकात १. मुलांना हे पटकन दिसतं.

स्टॅकला काहीजण उतरंड सुचवतात. शब्द फार गोड आहे, पण उतरंडीत मोठं मडकं तळाला आणि लहान वर, फ्रेमचं तसं काही नसतं, तळातल्या मेनचा (प्रोग्रॅम जिथून सुरू होतो ते फंक्शन) कप्पा छोटा आणि वरचा मोठा असू शकतो. त्यापेक्षा थप्पी बरी. आमच्या नाशकात पंचवटीच्या मार्केट यार्डात क्रेटची थप्पी लागते तशी, शेवटी ठेवलेलं क्रेट आधी उचलायचं.

खरा घोळ वर-खालीचा आहे आणि तिथे जपून भाषांतर करा. थप्पीत कॉल करणारा खाली असतो, पण जीडीबी या डिबगरमधे 'अप' म्हणजे कॉल करणाऱ्याकडे जा, आणि बॅकट्रेसमधे (तो छापतो ती फ्रेमची यादी) ० नंबरची म्हणजे आत्ता चालू असलेली फ्रेम सगळ्यात वर छापतात, त्यामुळे 'अप' दिलं की यादीत आपण एक ओळ खाली येतो! पायथॉनचा ट्रेसबॅक (एरर आली की छापतो ती यादी) अजून उलटा, ताजा कॉल शेवटी. म्हणून 'वर जा' लिहूच नका, 'कॉल करणाऱ्याकडे जा' लिहा, लांब झालं तरी चालेल.

आणि फ्रेम सिलेक्ट करणं म्हणजे कप्पा 'निवडा', 'काढा' नको. डिबगरमधे वरचे कप्पे जागेवरच राहतात, आपण फक्त खालच्यात डोकावतो, 'काढा' म्हटलं तर मुलांना वाटेल ते फंक्शन संपलं.